व्याह्यांकडून हरायचं ठरलं होतं

मंगळवारी मी ज्या माणसाला सहा-एकने झोपवतो, तोच माणूस बुधवारी मला सहा-शून्यने झोपवतो. दोन्ही दिवशी रॅकेट तीच, बूट तेच आणि बुटातला मी, तोलेगेन, तोही तोच असतो, निदान बाहेरून बघणाऱ्याला तरी तसं वाटतं.

अलमाती शहरातल्या लिफ्ट दुरुस्त करण्यात माझा जन्म गेला. लिफ्ट बंद पडली की त्याला काहीतरी कारण असतं. दाराचा खटका अडकतो, तार झिजते, कुणीतरी आख्खं कपाट आत कोंबायला जातो. मी शोधतो आणि मला सापडतं. माझ्या बॅकहँडला काय होतं ते मात्र शोधून शोधून थकलो. आधी वाटलं, रात्री घोड्याचं मटण खाल्लं की हात जड होतो. महिनाभर सोडून पाहिलं. हात जडच राहिला, वर स्वभाव चिडका झाला. मग डोंगरावरून येणाऱ्या वाऱ्यावर खापर फोडलं. मग मोज्यांवर. जिंकलेल्या दिवसाचे मोजे न धुता घालायला लागलो, तेव्हा बायको म्हणाली, "या घरात एक तर ते मोजे राहतील, नाहीतर मी." बायकोचं नाव बाल्झान, आणि ती उगाच धमक्या देत नाही. मोजे गेले. दुसऱ्याच दिवशी मी जिंकलो, त्यामुळे तेही संशोधन बाराच्या भावात गेलं.

सकाळी माझ्याशी खेळायला रिम्मा पाक येते. ती इथेच जन्मलेली कोरियन, सत्तरी ओलांडलेली, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली. तिचा चेंडू कधी जोरात येत नाही आणि कधी चुकतही नाही. गेली कित्येक वर्षं तो तसाच येतोय. मी फाटकातून आत शिरलो की ती विचारते, "आज तू आलायस का तुझा भाऊ?"

मला भाऊ नाही.

"चार चेंडू होऊ देत, मग सांगतो," मी म्हणतो.

"मला दोनातच कळतं."

या सप्टेंबरात आमच्या आकमारलचं लग्न ठरत आलं. एकुलती एक पोर. मुलगा दूरच्या तराज शहरातला, एलामान नावाचा. पोरगा चांगला आहे. मी दोष शोधून पाहिले, सापडले नाहीत, म्हणून जरा रागच आला. लग्नानंतर दोघं तराजलाच राहणार होते. रविवारी दुपारी मुलाकडचे आमच्याकडे जेवायला यायचे होते. आमच्यात अशा जेवणात व्याही एकमेकांच्या तोंडात घास घालतात, कलेजी आणि मेंढीच्या शेपटीची चरबी, दोन्ही एकत्र. तो घास पोटात गेला की सोयरीक पक्की. मग कुणालाच मागे फिरता येत नाही. तोवर पाहुण्यांच्या कपाळाला एक आठी पडली, तरी सगळं मुसळ केरात.

शनिवारी मुलाच्या वडिलांचा, ओरिन्बासारांचा, फोन आला. "व्याहीबुवा, तुम्ही टेनिस खेळता असं कानावर आलंय. मी रॅकेट घेऊन येतोय. जेवणाआधी सकाळी होऊन जाऊ देत दोन हात."

मी फोन ठेवला. बाल्झान शेजारीच कान देऊन उभी होती.

"हरा," ती म्हणाली.

"अगं, हे काय सांगायला हवं? त्यात माझा हातखंडा आहे."

"तसं नाही. नीट हरा. विहीणबाई बाकावर बसणार आहेत. त्यांच्या नवऱ्याला घाम यायला हवा, पण अपमान व्हायला नको. आणि जिंकलो ते आपल्या हिमतीवर, असं त्यांना वाटलं पाहिजे."

"बरं."

"आणि रॅकेटला शिव्या घालायच्या नाहीत."

लिफ्टच्या दारावरसुद्धा इतक्या सूचना लिहिलेल्या नसतात. पण मी निवांत झोपलो. उद्याचा निकाल आज माहीत असण्याची माझी ती पहिलीच वेळ होती.

रविवारी ओरिन्बासार कोरी पांढरी टोपी घालून आले. रुंद खांद्यांचा, हसऱ्या तोंडाचा माणूस. आधी दोन्ही हातांनी माझा हात धरून त्यांनी घरच्या सगळ्यांची खुशाली विचारली, मग रॅकेट काढली. बाकावर बाल्झान, विहीणबाई आणि आकमारल चहाचा थर्मास घेऊन बसल्या. गुण मोजायला रिम्मा उभी राहिली. तिला कुणी बोलावलं नव्हतं, पण असला तमाशा ती सोडणार थोडीच.

पहिला चेंडू मी मुद्दाम मागच्या कुंपणाच्या रोखाने भिरकावला. डोंगरावरून वारा आला आणि चेंडू कोपऱ्यात, बरोबर रेषेवर पडला.

"आत," रिम्मा म्हणाली.

"माफ करा हं," मी म्हणालो.

दुसरा नेटमध्ये घालायला गेलो. तो नेटच्या पट्टीवर चढला, तिथे जरा रेंगाळला आणि पलीकडे उतरला. "माफ करा, व्याही." तिसऱ्यापासून वाऱ्याचीही गरज उरली नाही. ज्या बॅकहँडने इतकी वर्षं माझी अब्रू वेशीवर टांगली, तो त्या सकाळी हुकूम दिल्यासारखा कोपरे गाठत होता. मी प्रत्येक गुणाला माफी मागत होतो आणि गुण घेत होतो. बाल्झान खोकायला लागली. पाच-शून्य झाल्यावर मी सगळ्या सर्व्हिस सरळ आभाळात मारल्या, तेव्हा कुठे पाहुण्यांना एक गेम देता आला. पहिला सेट सहा-एक.

बाजू बदलताना बाल्झान टॉवेल घेऊन आली.

"काय चाललंय काय तुमचं?"

"मी नाही करत."

"मग कोण करतंय?"

याचं उत्तर मला दुसऱ्या सेटच्या सुरुवातीला मिळालं. माझी नजर सहज बाकाकडे गेली. आकमारल विहीणबाईंना चहा देत होती, आमच्याकडे सून सासूला देते तसा, वाडगं अर्धंच भरून, दोन्ही हातांनी. पोरीला हे कुणी शिकवलं, कधी शिकवलं? घरी तर माझा चहा मीच करून घेतो. तेवढ्यात चेंडू आला आणि मी तो इतक्या जोरात हाणला, की ओरिन्बासारांनी उडी मारून पाय वाचवले.

आणि तेव्हा मला कारण सापडलं. माझ्या हाताला पोर द्यायची नव्हती. मी हरायचा प्रयत्न वगैरे काही करत नव्हतो. हा भला माणूस चिडावा, त्याने रॅकेट पिशवीत घालावी आणि आपल्या मुलाला घेऊन तराजला निघून जावा, याची मी वाट बघत होतो. मला माझी लाज वाटली. रडूही आलं, पण कोर्टावर घामाचा एक फायदा असतो.

ओरिन्बासार चेंडू उचलायला म्हणून नेटजवळ आले आणि तिथेच थांबले.

"व्याही, माझ्यावर रागावलात?"

"छे, छे. असं कसं?"

"नाही, रागवा की." त्यांनी आवाज खाली आणला. "मी माझी थोरली दिली ना, तेव्हा तिच्या सासऱ्याला कुस्तीत असा आपटला, की तो गडी संध्याकाळपर्यंत वाकडा बसला होता. लोक म्हणाले, काय ताकद आहे. ताकद कसली बोडक्याची. रडायला जागा नव्हती."

"मग?"

"मग काय, घास खाल्ला. आता ती फोन करते. मी उचलला की म्हणते, बाबा, आईला द्या."

मला हसू आलं.

"मारा तुम्ही," ते टोपी सरळ करत म्हणाले. "रॅकेट मी त्यासाठीच आणलीय. मला कुठे येतंय टेनिस? दोन महिने झाले शिकतोय."

पुढचा चेंडू मी नेटमध्ये घातला. त्याच्या पुढचा कुंपणावरून थेट रस्त्यावर गेला. आता मी मनापासून खेळत होतो, आणि दोन महिन्यांच्या शिकाऊ माणसाकडून दुसरा सेट सहा-दोनने हरलो. व्याह्यांना घाम आला होता, अपमान झाला नव्हता, सगळं बाल्झानच्या सांगण्याबरहुकूम. तिने मला शाबासकीही दिली. ती मी घेतली.

तिसऱ्या सेटचं नाव कुणी काढलं नाही. घरी गेलो, हात धुतले, जेवायला बसलो. ताट आलं तसं बोलणं थांबलं. मी ओरिन्बासारांना घास भरवला, तो त्यांनी झटकन खाल्ला. मग त्यांनी माझ्या तोंडात घातला. चरबी जिभेवर विरघळते म्हणतात, माझ्या तोंडात ती फुगतच गेली. मी चावत राहिलो. विहीणबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं, बाल्झानने माझ्याकडे. दारात आकमारल उभी होती.

ओरिन्बासार माझ्या कानाशी वाकले. "सावकाश होऊ द्या, व्याही. सगळे थांबतील."

मी पोरीकडे पाहिलं आणि गिळला.