पोतनीस सरांची उलटतपासणी

पोतनीस सर पुस्तक मागून उघडत. शेवटी आधारांची यादी नसली, तर ते मिटून बाजूला ठेवत आणि म्हणत, "गाव न सांगणाऱ्या पाहुण्याला मुक्कामाला ठेवू नये." नगरच्या आमच्या कॉलेजात ते भूगोल शिकवत आणि मी त्यांच्या हाताखाली नवाच लागलो होतो. घरीही त्यांचं तेच. दूध नासलंय असं काकू म्हणाल्या तरी हे विचारणार, "तू पाहिलंस, की कोणी सांगितलं?" काकूंनी एकदा त्याच दुधाचा चहा पुढे ठेवला. "हा घ्या आधार," म्हणाल्या.

दुष्काळाच्या त्या वर्षी मी जिल्ह्यातल्या भूभ्रंशांवर, म्हणजे पोटातला खडक जिथे तुटून सरकला आहे अशा जागांवर, प्रबंध लिहीत होतो. त्यात बातमी आली: सोनईजवळ शेतात लांबच लांब भेग, भूकवच दुभंगल्याचे तज्ज्ञांचे मत. पाठोपाठ दुसऱ्या वर्तमानपत्रात आणि एका मासिकातही तेच. मी हरखून सरांकडे धावलो. "सर, तीन आधार!"

"तिघं एकाच घरी जेवून आलेत का ते बघ आधी," असं म्हणून सर मला घेऊन एसटीत बसले.

शेत भागूबाईंचं होतं. त्यांची विहीर अर्धी खणून थांबली होती. "पेपरात आल्यापून गडी खाली उतरंना झालेत," त्या म्हणाल्या. "पानी न्हाई लागलं तर बैलं इकून ऊस तोडायला जावं लागंल, मास्तर."

सरांनी भेगेत काठी घातली, मग विहिरीच्या काठावर पालथे पडून आत पाहिलं. भेग वरच्या काळ्या मातीतच संपत होती. खालचा मुरूम आणि खडक सलग होता. "माती वाळली की आकसते आणि फाटते. खुशाल उतरा," ते म्हणाले. गडी जागचे हलले नाहीत. त्यांचा म्होरक्या म्हणाला, "तज्ज्ञ म्हनलाय जमीन दुभंगली. त्येचं खरं का तुमचं? त्यालाच आना की हितं." सरांना हे इतकं पटलं की त्यांनी त्याची पाठ थोपटली.

दुसऱ्या दिवशी शोध घेतला. दोन बातम्या पहिलीवरूनच उचललेल्या निघाल्या. पहिलीचा वार्ताहर सरांना पाहून उठून उभाच राहिला. "सर, तज्ज्ञ म्हणजे तुम्हीच की! भिंगारला हॉटेलात मी विचारलं, भूकवच दुभंगलं असेल का? तुम्ही म्हणालात, असूही शकेल."

मला हसू आवरेना. पण सर चहा न घेताच उठले, तेव्हा आवरलं. दुरुस्ती छापतो, असं वार्ताहर म्हणाला. "छापा," सर म्हणाले, "पण भागूबाईंचे गडी पेपर कुठे घेतात?"

आम्ही पुन्हा सोनईला गेलो. "तो तज्ज्ञ मीच. न पाहता बोललो, चुकलो," सरांनी सगळ्यांसमोर सांगितलं. जिना उतरतानाही कठडा न सोडणारा हा माणूस. त्यांनी धोतराचा काचा मारला, कमरेला दोर बांधून घेतला आणि विहिरीत उतरले. चेहरा पांढराफटक पडला होता. तळाशी त्यांनी खडकाला पाठ टेकून चक्क मांडी घातली. "सावकाश या," खालून आवाज आला, "तोवर मी बसतो."

त्या क्षणी मला त्यांचा इतका अभिमान वाटला की डोळे भरून आले.

म्होरक्याने पहार उचलली आणि तो उतरला. त्याच्यामागे बाकीचे. भागूबाई काठावरून ओरडल्या, "मास्तर, आता वर या! तुमी मधी बसल्यावर त्यांनी खनायचं कुठं?"