गळक्या टंकीची भिंत

“हात लावून बघा ना!” असं म्हणून बाई आधी स्वतःच ओल्या भिंतीवर तळवा ठेवायच्या आणि मग तोच हात पदराला पुसायच्या. कंपू मोहल्ल्यातल्या आमच्या मुलींच्या शाळेत त्या वनस्पतिशास्त्र शिकवत. मी गणिताचा; शिवाय इमारतीची डागडुजीही माझ्याच गळ्यात. त्यामुळे त्या भिंतीवरून आमचं रोज वाजायचं.

शाळेमागची पाण्याची टंकी वर्षानुवर्षं गळत होती. मी प्लंबर बोलावला की बाई आडव्या. “भाऊ, रुका जरा. माझा वर्ग होऊन जाऊ द्या.”

वर्ग म्हणजे टंकीपासून फाटकापर्यंत चालणं. टंकीत शेवाळ, ना मूळ, ना खोड, ना पान, सगळा जन्म पाण्यात. भिंतीवर मॉस, जमिनीवर आलं खरं, पण ओल आटली की त्याचा वंश खुंटला. भेगेत नेचा, त्याला मूळ, खोड, पान सगळं, आत पाणी खेळवणाऱ्या नळ्याही, फक्त बी नाही. फाटकापाशी मोरपंखी, तिला बी आहे, पण उघडं. आणि शेवटी लिंबू. फुलणारं, बी फळात जपणारं. तिथे पोचल्यावर बाई कठड्यावर बसकण मारायच्या. “पाण्यापासून किती लांब चालून आले हो बिचारे!” आणि घाम पुसायच्या. नेमकं दमलं कोण, ते तुम्हीच ओळखा.

तास संपवून मीही इतका शिणलेला असे की वाद घालायचं त्राण नसे. दोघंही निवृत्तीला टेकलेले. पण भिंतीचा विषय निघाला की बाईंच्या अंगात कुठून बळ यायचं, देव जाणे.

गेल्या एप्रिलात नळ एक दिवसाआड झाला. दुपारी टंकी कोरडी पडायची. मुली तोटीखाली ओंजळ धरून उभ्या, आणि भिंत मात्र ओलीचिंब. बाई बराच वेळ बघत राहिल्या. मग माझ्याकडे आल्या.

“भाऊ, बोलवून घ्या तुमच्या प्लंबरला.”

“आणि भिंत?”

“पोरी प्यासी जातायत घरी. भिंतीचं काय घेऊन बसलात!”

इतकी वर्षं मला हेच हवं होतं. तरी फार वाईट वाटलं.

गळती थांबली. नेचा गेला, मॉस तपकिरी पडलं. त्याच महिन्यात बाई निवृत्त होऊन लेकीकडे इंदूरला गेल्या. त्यांच्या जागी अजून कुणी आलेलं नाही. तो धडा आता पडद्यावर दाखवतात.

शेवटचा वर्ग त्यांनी भिंतीपाशीच घेतला. “मॅडम, ये तो मर गया,” एक मुलगी म्हणाली.

“मरा नहीं, सूखा है.” त्यांनी पर्समधली आपली पाण्याची बाटली काढली आणि सगळी भिंतीवर ओतली. बघता बघता तेवढा पट्टा हिरवा झाला. मुली हरखल्या, आपापल्या बाटल्या उघडून पुढे सरसावल्या.

बाई दोन्ही हात पसरून मध्ये उभ्या राहिल्या. “बस, बस. पहले खुद पी लो.”

मुली घटाघटा प्यायल्या. शेवटच्या मुलीची बाटली रिकामी होईपर्यंत बाई भिंतीकडे पाठ करून तशाच उभ्या होत्या.