पुन्हा तपासणीस आणावे

माझा धाकटा भाऊ वजनमापांच्या खात्यात निरीक्षक आहे. दुकानांतून जायचं, काटे बघायचे, किलोचं वजन खरंच किलोचं आहे का ते आपल्या पेटीतल्या वजनाशी ताडून पाहायचं. बरोबर असलं तर त्या लोखंडावर हातोडीने पोलादी ठसा ठोकायचा. चूक असलं तर त्याला कागदाची चिठ्ठी बांधायची आणि चिठ्ठीवर रबरी शिक्का मारायचा. चौदा वर्षं हेच करत आल्यामुळे त्याची अशी समजूत झाली आहे की जगात दोनच प्रकारच्या वस्तू असतात, तपासलेल्या आणि न तपासलेल्या. बाजारातून बटाटे आणले तरी घरच्या काट्यावर पुन्हा टाकतो. भाजीवाला त्याला पाहून भीतीने एक बटाटा जास्तच घालतो, आणि हा तो बटाटा परत नेऊन देतो, कारण जास्त हीसुद्धा चूकच.

असल्या माणसाच्या घरी देवाने मुलगा पाठवला. देवाला विनोदाचं अंग आहे असं मला वाटतं, पण हे मी कोणाजवळ बोलत नाही.

मुलगा आता दोन वर्षं आणि दोन महिन्यांचा आहे. आम्ही सगळे त्याला मालक म्हणतो, कारण तो बोलायला लागला तो 'माजं' या शब्दापासून. चमचा माजं, खुर्ची माजं, खालच्या मजल्यावरच्यांचा कुत्रा माजं. लिफ्टचं बटण तर खासच माजं. ते चुकून दुसऱ्या कोणी दाबलं, तर मालक लिफ्टमध्ये आडवे होतात, आणि लिफ्ट पुन्हा खाली नेऊन, पुन्हा त्यांच्या बोटाने वर आणावी लागते. तिसऱ्या मजल्यावरचे वकीलसाहेब एकदा या कारणाने दोनदा खाली-वर झाले. आता ते जिना चढतात आणि गुडघे दुखतात म्हणून माझ्याकडून मलम नेतात. मी औषधांच्या दुकानात असते, माझी काही तक्रार नाही.

हे सगळं दिवसभर सोसायची ती माझी भावजय. ती दातांच्या कवळ्या बनवते, म्हणजे मूल होईपर्यंत बनवत होती. मेणात एकेक दात कोरायचा, हिरडीचा रंग जुळवायचा, असं बारीक, नजरेचं काम. त्याच इमारतीत खाली राहणाऱ्या माझ्याकडे येऊन कधी कधी म्हणायची, "ताई, बाहेर शेकडो तोंडं मी नीट बसवली. घरी या एका तोंडात घास जात नाही."

भाऊ संध्याकाळी घरी यायचा, बूट काढायचा आणि विचारायचा, "आज किती वेळा रडला?"

"मोजलं नाही."

"मोजायला हवं होतं."

एवढं बोलून तो चहा प्यायचा. त्याच्या दृष्टीने बापाचं काम झालं.

मग कवळ्यांच्या कारखान्यातून चिठ्ठी आली. भावजयीची जागा दोन वर्षं राखून ठेवली होती, आता पुढच्या महिन्याच्या एक तारखेला हजर व्हावं, नाहीतर दुसरी बाई घेऊ. तिने चिठ्ठी तीनदा वाचली आणि लगेच पाळणाघर गाठलं. आमच्या भागात जागा शिल्लक असलेलं पाळणाघर एकच. ते चालवणाऱ्या बाई साठीच्या आतबाहेर, आवाज कधी चढत नाही आणि नियम कधी उतरत नाही. नियम असा की डायपरवालं मूल घ्यायचं नाही. आधी तीन दिवस आणून सोडायचं, तिन्ही दिवस चड्डी कोरडी राहिली तर प्रवेश. ओली झाली तर तीन महिन्यांनी या.

हातात तीन आठवडे होते. भावजय त्याआधी दोन महिने प्रयत्न करत होतीच. पिवळी पॉटी आणली होती. मालकांनी ती डोक्यावर घातली, तिच्यात मोटारी ठेवल्या, एकदा तिच्यात बसून जेवले. जे करायचं ते पडद्यामागे उभं राहून केलं.

"ही पद्धतीची बाब आहे," भाऊ म्हणाला. "तू प्रेमाने सांगत बसतेस. मी बघतो."

त्याने चौदा वर्षांत पहिल्यांदा दोन आठवड्यांची रजा घेतली. भिंतीवर तक्ता लावला. दर चाळीस मिनिटांनी मालकांना पॉटीवर बसवायचं. आत गेलेलं पाणी मापाच्या पेल्याने मोजायचं, बाहेर आलेलंही मोजायचं. तिसऱ्या दिवशी मी वर गेले तर तो पेला उजेडाकडे धरून उभा.

"ताई, हिशेब जुळत नाही. ऐंशी मिली कमी आहेत."

"अरे, घामात गेले असतील."

"ऐंशी?"

ते ऐंशी मिली संध्याकाळी सापडले. त्याच्या तपासणीच्या पेटीत, मखमलीच्या खणात, पाचशे ग्रॅमच्या वजनाखाली.

पाचव्या दिवशी त्याला शिक्का सुचला. कचेरीतल्या दाखल्यांवर मारायचा एक जुना तारखेचा शिक्का त्याच्या कपाटात होता. त्यातलं सालाचं चाक संपलं म्हणून कचेरीने टाकून दिलेला. हा रीतसर परवानगी मागून घरी घेऊन आला होता. 'तपासले. बरोबर आहे.' मालकांचं पॉटीवर चुकून काम झालं, तेव्हा भावाने जांभळ्या शाईत बुडवून तो त्यांच्या मनगटावर मारला.

मालकांनी मनगट पाहिलं. बोटाने चोळलं, गेलं नाही. दुसरा हात पुढे केला.

"थप."

"आधी शू," भाऊ म्हणाला.

त्यानंतर जे झालं ते मी कबूल करते. दर वेळी शू, दर वेळी थप. मनगट भरलं, कोपर भरलं, पोट भरलं. आठ दिवसांत मालक एखाद्या लांबून आलेल्या पार्सलसारखे दिसायला लागले, पण पडदा कोरडा राहिला. भाऊ जिन्यात भेटेल त्याला थांबवून सांगू लागला. वकीलसाहेबांनाही सांगितलं. जिना चढताना अडवल्यामुळे त्यांना ऐकावं लागलं.

भावजय मालकांना अंघोळ घालताना म्हणाली, "दोन वर्षं मी याला भरवलं, धुतलं, निजवलं. माझ्या हातावर कधी काही उमटलं नाही."

"तुझं काम तपासायची गरजच पडत नाही," भाऊ म्हणाला. आपण बायकोचं कौतुक केलं असं त्याला खरोखर वाटलं. ती पाठीला साबण लावत राहिली.

"आणि पाळणाघरात शिक्का कोण मारणार?" तिने विचारलं.

"तोपर्यंत सवय लागेल. काटा एकदा जुळवला की वर्षभर जुळलेला राहतो."

"अरे, तो काटा नाही," मी म्हटलं.

"ताई, तत्त्व तेच असतं."

एक तारीख सोमवारी येत होती. आधीच्या बुधवारी मालक पिवळ्या पॉटीसह पाळणाघरात दाखल झाले. बुधवार, गुरुवार, शुक्रवार कोरडे, की काम झालं. रजा संपल्याने भाऊ त्या दिवशी कामावर गेला. भावजय कारखान्यात कागदांवर सह्या करायला आणि जरा हात बसवायला गेली. पुढचं मला पाळणाघराच्या बाईंनीच सांगितलं. त्या दर आठवड्याला रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला येतात.

दुपारी बारा वाजता बाईंनी फोन केला तो भावाला, कारण अर्जावर स्वतःचा नंबर त्याने पहिला लिहिला होता. तो तेव्हा एका वाण्याच्या दुकानात काटा तपासत होता.

"साहेब, मुलगा दोन तास पॉटीवर बसलाय. उठत नाही आणि करतही नाही. तोंड लालबुंद झालंय. सारखा थप थप म्हणतोय. थप म्हणजे काय?"

भावाने थप म्हणजे काय ते सांगितलं.

"बरं," बाई म्हणाल्या. "मग या घेऊन थप. लवकर या, फुटेल पोरगा."

घरी जाऊन शिक्का आणायचा तर तास मोडला असता. भाऊ पेटी उचलून सरळ पाळणाघरात आला. बुटकी खोली, ओळीने ठेवलेल्या अकरा लहान खुर्च्या, अकरा मुलं त्यांवर गप्प बसलेली, आणि मधोमध पिवळ्या पॉटीवर मालक, दोन्ही हातांनी कड घट्ट धरून. बापाच्या हातात पेटी पाहून म्हणाले, "थप."

भावाने पेटी उघडली आणि तिथे त्याच्या लक्षात आलं. 'बरोबर'चा ठसा पोलादी, तो मारायला हातोडी लागते. रबरी शिक्का पेटीत एकच होता, चिठ्ठीवर मारायचा. शिवाय तो कचेरीचा होता. कचेरीची टाचणी खिशातून चुकून घरी आली तर दुसऱ्या दिवशी परत नेणारा हा माणूस. बाई सांगतात, तो शिक्का हातात धरून मिनिटभर नुसता उभा होता. मालकांनी सदरा वर करून पोट पुढे केलं.

मारला. त्याबरोबर पॉटीत जो आवाज झाला, तो ऐकून अकराच्या अकरा मुलांनी टाळ्या वाजवल्या.

बाईंनी चष्मा लावला, वाकल्या आणि मालकांच्या पोटावरचं वाचलं. 'नाकारले. पुन्हा तपासणीस आणावे.'

"साहेब, हे काय?"

"दुसरा नव्हता," भाऊ म्हणाला.

"नाकारले?"

"तो लहान आहे हो. त्याला वाचता येत नाही."

"मला येतं," बाई म्हणाल्या. त्यांनी मालकांची चड्डी चाचपली. कोरडी. "चड्डी कोरडी आहे, पण बापाने येऊन करवलेला दिवस मी धरत नाही."

भाऊ म्हणाला, "बाई, तिची जागा जाईल. दोन वर्षं थांबलेत ते लोक." आयुष्यात कोणाकडे सूट मागायची त्याची ही पहिलीच वेळ असावी. दुकानदार त्याच्याकडे मागतात, तेव्हा हा नियमाचं पुस्तक उघडतो.

बाईंनी पुन्हा एकदा पोटाकडे पाहिलं. "तुमच्याच खात्याने लिहिलंय, पुन्हा तपासणीस आणावे. तर उद्या आणा. गुरुवार, शुक्रवार, शनिवार. शनिवारी मी एरवी बंद ठेवते, या खेपेला उघडेन. पण आईबरोबर पाठवा. तुम्ही येऊ नका. तुम्हाला मी तीन महिन्यांनी घेईन."

संध्याकाळी भावजय माझ्या दारात येऊन बसली. ओरडली नाही, रडली नाही. तिच्या नखांत गुलाबी मेण होतं, ते काडीने काढत होती.

"एक दाढ कोरली आज," म्हणाली. "मला वाटलं होतं हात विसरला असेल. पहिल्या फटक्यात जमली. मुकादमबाई म्हणाल्या, सोमवारपासून तुझं टेबल तेच."

मी म्हटलं, "मी देवाला सांगते."

"देवाला सांगा. यांना काही सांगू नका."

मी खरंच सांगितलं. रोज संध्याकाळी दोन मिनिटं डोळे मिटून बसते, त्या दिवशी चार मिनिटं बसले. देवाला दोन वर्षांच्या मुलाच्या लघवीबद्दल काही मागायचं माझ्या जिवावर आलं होतं, पण काम अडलं की लाज कसली.

गुरुवारी बाईंनी पिवळी पॉटी दारातच काढून घेतली आणि भावजयीच्या हातात परत दिली. थोड्या वेळाने मालक म्हणाले, "थप." बाई म्हणाल्या, "इथे थप नसते." मालक आडवे झाले. बाई बाजूला खुर्ची घेऊन वाटाणे सोलत बसल्या. मालक उठले, "थप," पुन्हा आडवे. असं वाटाण्याची टोपली निम्मी होईपर्यंत चाललं. मग बाईंनी त्यांना हाताला धरून मुलांच्या संडासात नेलं. तिथे भिंतीवर उंच पाण्याची जुनी टाकी आहे आणि तिला लोंबणारी साखळी.

"ही साखळी ज्याने शू केली त्यानेच ओढायची. दुसऱ्या कोणी नाही."

मालकांनी वर पाहिलं. "माजं?"

"केलीस तर तुझं."

केली. बाईंनी उचलून धरलं, मालकांनी साखळी ओढली, आणि जे पाणी धो धो कोसळलं ते पाहून त्यांनी शिक्क्याचं नावही पुन्हा काढलं नाही. भावाचा तक्ता, मापाचा पेला, दोन आठवड्यांची रजा, सगळं एका गंजक्या साखळीने धुऊन नेलं.

गुरुवार कोरडा, शुक्रवार कोरडा. शनिवारी भाऊ सकाळपासून पाळणाघरासमोरच्या किराणा दुकानात उभा होता. आत यायला मनाई, रस्त्यावर थांबायला नाही. त्या दुकानाचा काटा त्याने आठवड्यापूर्वीच तपासला होता. शनिवारी दुपारपर्यंत आणखी दोनदा तपासला. दुकानदार बिचारा घाबरून विचारत होता, "साहेब, माझं काय चुकलं?" भाऊ फाटकाकडे बघत म्हणाला, "अजून कळलं नाही."

दोन वाजता भावजय मालकांना कडेवर घेऊन बाहेर आली. फाटकातूनच तिने मुलाची चड्डी दोन बोटांत धरून त्याला लांबून दाखवली. कोरडी. भावाने काट्यावरचं वजन उचलून पेटीत ठेवलं, आणि बाई सांगतात की ते वजन दुकानदाराचं होतं.

सोमवारी भावजय कामावर गेली. आता तिच्या टेबलावर रोज चार-पाच तोंडं असतात आणि एकही आडवं होत नाही, असं ती म्हणते.

भाऊ मात्र सुधारला असं मी म्हणणार नाही. पाहुणे आले की तो अजून सांगतो, "पद्धत महत्त्वाची. मी दोन आठवड्यांत शिकवलं त्याला." भावजय त्याच्यापुढे चहा ठेवते. मालकांना जवळ बोलावते आणि त्यांचा सदरा वर करते. घरच्या शिक्क्याची जांभळी शाई चार अंघोळींत गेली, पण कचेरीची शाई पक्की असते, पाण्याने पुसली जाऊ नये अशीच ती बनवलेली असते. 'नाकारले' आता फिकट झालंय. त्याखालची ओळ अजून वाचता येते, आणि पाहुणे ती मोठ्याने वाचतात.

मालक पोट पुढे काढून म्हणतात, "माजं."

भाऊ चहा पितो.