मोटरचं मोठं तोंड

सांतुसा युक्राला राग यायला कारण लागत नाही, असं विलाकाया गावात सगळे म्हणतात. साफ खोटं आहे. कारण आहे, आणि ते गावाच्या डोक्यावर उभं आहे. विलाकायातून पलीकडच्या शहरात, म्हणजे बाजारात, इस्पितळात, कुठंही जायचं तर घाट चढावा लागतो. वर हवा इतकी विरळ की पायी चढणारा माणूससुद्धा तोंड उघडं टाकूनच चढतो. मोटरसायकलींचं तर विचारूच नका. खाली गल्लीत गुरगुरणारी गाडी दुसऱ्या वळणावर खोकायला लागते, आणि मागं कुणी बसलेलं असेल तर तिसऱ्या वळणावर मान टाकते.

त्या तिसऱ्या वळणावर सांतुसाची धाकटी बहीण लुसिला गेली. दिवस भरले होते, मूल अडलं होतं. गावात तेव्हा चार चाकांची एकच गाडी होती, फोर्तुनातोची पिकअप, आणि ती चालवता येणारा माणूसही एकच, फोर्तुनातो. पिकअप नेमकी त्याच दिवशी नवी कोरी आली होती आणि तिचा चाल्या चालू होता. घर असो, गाय असो की शिवणयंत्र असो, नव्या वस्तूवर बिअर शिंपडल्याशिवाय आमच्याकडं तिला कुणी हात लावत नाही. पहिला घोट धरणीमातेला, दुसरा वस्तूला आणि उरलेला स्वतःला, आणि उरलेल्याचा हिशोब कुणी ठेवत नाही. सांतुसा धावत गेली तेव्हा हा गडी चाकाला टेकून घोरत होता. किल्ली त्याच्या खिशात आणि खिसा त्याच्या अंगाखाली. तिनं त्याला हलवलं, थोबाडीत मारली, गार पाणी ओतलं. तो हसला आणि कुशीवर वळला.

मग तिनं लुसिलाला आपल्या लहानशा मोटरसायकलवर मागं बसवलं, ओढणीनं स्वतःच्या कमरेला बांधलं आणि घाट धरला. पुढं काय झालं ते ती कुणाला सांगत नाही, पण गावाला माहीत आहे. रस्त्याकडेच्या गवतात पोर जन्माला आली आणि जगली. लुसिला जगली नाही. ती पोर म्हणजे योवाना.

सांतुसानं मोटरसायकल ढकलत घरी आणली आणि लुसिलाला पुरल्यावर गाडीचं इंजिन उघडायला बसली. का मेली ही, एवढंच तिला बघायचं होतं. बघता बघता तिला इंजिनं कळायला लागली, आणि मग गावोगावचे बाप्ये आपापल्या गाड्या घेऊन तिच्या अंगणात यायला लागले. प्रत्येकानं शिव्या खाल्ल्या. "तेल कधी बदललंस? लग्नात?" असं ती विचारायची. कुणी म्हणालं, "मावशी, जरा आवाज मोठा करून दे," तर म्हणायची, "आवाजच हवाय तर गाढव पाळ." लोक शिव्या खाऊन परत यायचे, कारण तिनं जोडलेली गाडी घाट चढायची. एकट्यानं बसलं तर. दोघांना घेऊन चढेल अशी मोटर मात्र तिच्या हातून अजून झाली नव्हती, आणि ते शल्य तिच्या पोटात विस्तवासारखं होतं.

योवाना मावशीच्या अंगणात ग्रीस आणि शिव्यांच्या वासात वाढली, शहरात जाऊन शिकली आणि गावच्या दवाखान्यात परिचारिका म्हणून परत आली. दवाखान्याला सरकारकडून एक मोटरसायकल मिळाली. सव्वाशे सीसीचं इंजिन, पेट्रोलचं इंजेक्शन, डबीत बंद कंप्युटर, टाकीवर लाल क्रॉस. सांतुसानं तिच्याभोवती एक फेरी मारली आणि थुंकली.

"ज्यानं ही पाठवली त्यानं घाट फक्त नकाशात बघितलाय. तिथं तो सपाट असतो."

"मावशी, मार्लेनीचं मूल पोटात आडवं आहे," योवाना म्हणाली. "या आठवड्यात तिला पलीकडं न्यावंच लागेल. आणि न्यायला हीच आहे. फोर्तुनातोकाकांनी पिकअप विकून टाकली, तुला माहितीये."

सांतुसाच्या हातातला पाना खाली पडला. तिनं तो उचलला आणि सीट काढायला सुरुवात केली.

तिनं जुना सिलिंडर काढून पावणेदोनशेचा बसवला, त्याला मोठा पिस्टन. पण नुसतं पोट मोठं करून काय उपयोग? हवा जाते त्या थ्रॉटल बॉडीचं भोक पूर्वीचंच राहिलं तर इंजिन उपाशीच. म्हणून तिनं मोठ्या गाडीची थ्रॉटल बॉडी आणली, तिच्या मापाचा जास्त पेट्रोल फवारणारा इंजेक्टर आणला, आणि कंप्युटरमध्ये नवी गणितं भरायला शहरातल्या एका पोराला फोनवर इतकं झापलं की त्यानं पुढं तिच्या नंबरला नाव देऊन ठेवलं, 'भूकंप'. अंगणात डोकावणाऱ्या प्रत्येकाला ती एकच सांगायची. "पोट मोठं केलंय, आता तोंड मोठं करतेय. वरची हवा पातळ आहे, तर घास मोठा घ्यायला नको?" दोन दिवसांत गावभर झालं, सांतुसानं मोटरचं तोंड मोठं केलं.

गाडी तयार होत आली तेव्हा योवानानं हळूच विषय काढला.

"मावशी, पाद्रिनो लागेल."

"कुणाला?"

"मोटरला. चाल्या करायला. नवी मोटर आहे ना."

आमच्याकडं बाप्तिस्म्याला धर्मपिता लागतो तसा घराच्या छपराला लागतो, शाळेच्या घंटेला लागतो, मोटरलाही लागतो. तो बिअर आणतो, पहिला घोट पाजतो, आणि पुढं त्या लेकराला काही कमी पडलं तर भरून देतो. निदान द्यायचं असतं.

"माझ्या अंगणात बिअर येणार नाही," सांतुसा म्हणाली.

"मग मार्लेनीची सासू तिला या गाडीवर बसू देणार नाही. म्हणते, बिनपाद्रिनोच्या मोटरवर माझी सून घाटात? तूच समजाव जा तिला."

त्या सासूला समजावणं म्हणजे काय ते सांतुसाला माहीत होतं. ती दात आवळून म्हणाली, "कुणाला बोलावलंयस?"

योवानानं खाली बघितलं. "माझे पाद्रिनो फोर्तुनातोकाकाच आहेत. दुसऱ्या कुणाला बोलावलं असतं तर गावात शोभलं नसतं."

तळपायाची आग मस्तकाला जाणं म्हणजे काय ते त्या दिवशी अंगणातल्या कोंबड्यांनीसुद्धा बघितलं. सांतुसा ओरडली नाही. तिनं गाडीतून काढलेला जुना सिलिंडर भिंतीवर फेकून मारला. भिंतीचा उडालेला पोपडा अजून तसाच आहे.

मंगळवारी फोर्तुनातो आला. अंगावर सूट, गळ्यात कागदी फुलांच्या माळा, मागं ढोलवाला आणि दोन बासरीवाले, आणि हातगाडीवर बिअरचे खोके. स्वतः त्याच्या लाल चकचकीत मोठ्या मोटरसायकलवर. सांतुसानं जी थ्रॉटल बॉडी मिळवून बसवली होती, ती या लाल गाडीला कंपनीतूनच लागून येते. ही गाडी तो घाटात कधी घालायचा नाही, चौकात मिरवायला उभी करायचा. तो पोट सावरत अंगणात शिरला आणि हात पसरून म्हणाला, "कोमाद्रे! कुठाय माझं लेकरू?" पाद्रिनो लेकराच्या आईला, किंवा आईच्या जागी असलेल्या बाईला, कोमाद्रे म्हणतो.

लेकरू स्टँडवर चालू होतं. सांतुसा कान लावून त्याचा आवाज ऐकत होती. हवेचा फिल्टर अजून बसायचा होता. तो आणायला ती फळीकडं वळली. तेवढ्यात फोर्तुनातोनं बाटली उघडली, धरणीमातेला चार थेंब दिले, आणि मोटरपुढं वाकून तिच्या उघड्या, मोठ्या, हवा ओढणाऱ्या तोंडात बिअरची धार धरली.

मोटरनं एक उचकी दिली, फेस ओकला आणि बंद पडली. ढोलही बंद पडला.

"काय केलंस?" सांतुसा म्हणाली. आवाज अगदी हळू होता, म्हणून सगळे दोन पावलं मागं सरकले.

"पहिला घोट दिला."

"तोंडात?"

"मग कुठं देतात? तूच गावभर सांगत होतीस, तोंड मोठं केलंय, तोंड मोठं केलंय. कानात ओतू का?"

कुणीतरी हसलं आणि लगेच खोकल्यासारखं केलं. मार्लेनीची सासू पुढं आली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "म्हणजे आता ही चालायची नाही?"

सांतुसानं प्लग काढला, किक हातानं सावकाश दाबली. आतला पिस्टनचा दांडा वाकला असता तर सगळं संपलं होतं. वाकला नव्हता. मग तिनं जोरात किक मारली आणि आतली बिअर फस्सकन उडून फोर्तुनातोच्या सुटावर पडली. तिनं तेल उपसलं, नवं भरलं, सिलिंडरमध्ये दोन थेंब तेल सोडलं, प्लग पुसून लावला. मोटर सुरू झाली, पण धाप लागल्यासारखी, आणि समोरचा पिवळा दिवा मिचमिचायला लागला. थ्रॉटल बॉडीवरचा, हवेचा दाब मोजणारा सेन्सर गेला होता. हवा किती आहे तेच कळलं नाही तर पेट्रोल किती द्यायचं ते कंप्युटर काय कपाळ ठरवणार?

"सेन्सर शहरात मिळतो," योवाना म्हणाली. शहर घाटापलीकडं.

सांतुसा वळली. तिनं फोर्तुनातोकडं बघितलं नाही, त्याच्या लाल गाडीकडं बघितलं. आणि पाना घेऊन तिच्याकडं चालू लागली.

"ए, ए! ती नवी आहे!"

"तू पाद्रिनो आहेस ना?" ती म्हणाली. "लेकराला कमी पडलंय. भर."

"विचारायची तरी रीत—"

"बरोबर बोलतेय ती," मार्लेनीची सासू म्हणाली. "पाद्रिनो म्हणजे नुसत्या माळा घालायच्या?" ढोलवाल्यानंसुद्धा मान हलवली. त्यापुढं फोर्तुनातोचं काय चालणार?

त्यानं खिशात हात घातला, गाडीची किल्ली काढली आणि तिच्यापुढं धरली. त्याचा चेहरा उतरला होता. "कोमाद्रे," तो हळू म्हणाला, "त्या दिवसाबद्दल तू मला कधीच काही बोलली नाहीस. घे. या वेळी किल्ली घे."

सांतुसानं त्या किल्लीकडं बघितलं. इतकी वर्षं साठवलेल्या शिव्या घशाशी आल्या होत्या, आणि त्यातली एकही पुरेशी नव्हती.

"किल्लीचं मी काय करू?" ती म्हणाली. "मला स्क्रू काढायचेत. सरक."

तिनं त्याच्या गाडीचा सेन्सर काढून योवानाच्या गाडीला लावला, थ्रॉटल बॉडी पेट्रोलनं धुतली, फिल्टर बसवला. पिवळा दिवा विझला. मोटर भरल्या गळ्यानं बोलायला लागली. फोर्तुनातोनं टाळ्या वाजवल्या.

"बस," सांतुसा त्याला म्हणाली.

"कुठं?"

"मागं. योवाना चालवेल. घाटाच्या माथ्यावर जायचं आणि परत यायचं. तुझं वजन मार्लेनीपेक्षा जास्तच भरेल, सूट भिजलाय म्हणून तर अजूनच."

"मी? घाटात? मला चक्कर येते!"

"डोळे मीट. झोपायची सवय आहे तुला."

तो बसला. योवानानं हेल्मेट चढवलं, मावशीकडं एकदा बघितलं आणि गाडी सोडली.

घाट गावाच्या डोक्यावरच असल्यामुळं आवाज खाली ऐकू येतो. सांतुसा रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. पहिलं वळण. दुसरं वळण, आवाज जाड झाला, खोकला नाही. मग तिसरं. तिथं आवाज खाली बसला. सांतुसाचे हात आपोआप हँडल धरल्यासारखे पुढं आले आणि ती हवेत ढकलायला लागली. मार्लेनीच्या सासूनं तिच्या पाठीवर हात ठेवला, तो तिनं झटकून टाकला. वर योवानानं गिअर उतरवला. आवाज पुन्हा उठला, वळणावरून पुढं गेला, चौथ्या वळणावर गेला, माथ्यावर गेला आणि तिथल्या सपाटीवर ऐकू येईनासा झाला.

ढोल वाजायला लागला. माणसं ओरडायला लागली. मार्लेनीची सासू सुनेचं गाठोडं बांधायला घराकडं पळाली.

सांतुसा तशीच घाटाकडं तोंड करून उभी होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती त्या न दिसणाऱ्या मोटरवर घसा फुटेपर्यंत ओरडत होती, "आत्ता चढतेस होय गं? आत्ता? तेव्हा काय धाड भरली होती तुला, मेले, तेव्हा का नाही चढलीस?"