तासाचा रकाना

१२ फेब्रुवारी, सकाळी सहा वाजून दहा मिनिटे. वेळ मुद्दाम लिहिते आहे; ती न लिहिल्यामुळे अकरा महिने वाया गेले होते.

मध्य प्रदेशातून आपल्याकडे उतरणाऱ्या एका नदीवर, सीमेवरच्या पुलाखाली, पाण्यात विरघळलेला प्राणवायू दोन्ही राज्ये स्वतंत्रपणे मोजत. आकडा लिटरमागे चार मिलिग्रॅमच्या खाली गेला तर वरच्या शहराने सांडपाणी शुद्ध करूनच सोडावे आणि खर्च दोघांनी वाटून घ्यावा, असा करार होता. पुलाजवळच्या, आमच्या बाजूच्या गावाची नळयोजना त्यावरच अडली होती. आमचे, म्हणजे महाराष्ट्राचे, आकडे साडेतीनच्या आसपास, त्यांचे सातच्या वर. मी संयुक्त फाइलवर दोनदा लिहिले होते : 'पलीकडील नोंदी अविश्वसनीय.'

नागपुरातल्या सहाव्या संयुक्त बैठकीत, जेवणाच्या सुटीत, पलीकडचे रसायनतज्ज्ञ शेजारी बसले. पांढुर्ण्याकडचे, माझ्या वडिलांच्या वयाचे. भांडायचे त्राण उरले नव्हते म्हणूनच असेल, मी साधा प्रश्न विचारला : नमुना किती वाजता घेता?

"तीन-साडेतीनले. सकाळी गाडी भेटत नाही, मॅडम. त्या टायमाले ते साहेबाच्या पोरायले शाळेत सोडून राहते."

आमची प्रयोगशाळा दहानंतर नमुने स्वीकारत नाही, म्हणून आम्ही पहाटे घेत असू. शेवाळ दिवसा उन्हात पाण्यात प्राणवायू सोडते आणि रात्री तोच ओढून घेते, हे मी पदवीच्या दुसऱ्या वर्षी शिकले होते. दोन्ही आकडे खरे होते. दोन्ही राज्यांच्या तक्त्यांत तारखेला रकाना होता, तासाला नव्हता.

"अन् तुम्ही आमाले लबाड लिहून बसल्या," ते वरण-भात कालवत म्हणाले.

"लिहिलं. खोडते."

"खोडू नका. खाली कारण लिहा."

एकत्र नमुना घ्यायचे ठरले त्या सकाळी ते स्वतःच्या मोटरसायकलवर आले. पुलावर टँकरची वाट पाहत रिकामे ड्रम रांगेत लागलेले. एकाच बादलीतून पाणी काढले. नदी तिच्या सर्वांत वाईट तासाला, म्हणजे पहाटे, मोजायला हवी, हे त्यांना मान्य होते. त्यांच्या कार्यालयाला असेलच असे नाही.

"साहेब विचारतील, सकाळीच काहून मोजलं. काय सांगू?"

"सांगा, गाव सकाळीच पाणी भरतं."

त्यांनी ड्रमांकडे पाहिले आणि प्राणवायू मोजायच्या मीटरची कांडी बादलीत सोडली. मी पट्टीने रेघ ओढून तक्त्यात तासाचा रकाना पाडला. ही नोंद आता दोन्हीकडच्या किती टेबलांवरून फिरेल, सातवी बैठक कधी लागेल, याचा शीण मला तिथेच, चहाआधीच आला होता. मीटर स्थिरावला. त्यांनी चष्मा वर सारून आकडा वाचला आणि सही केली. त्यांच्या सहीशेजारी मी लिहिले : ३.४.