आईचे सगळे पाच

मी मानसशास्त्र शिकवते. त्यातही माझा विषय असा की, तो सांगितला की उज्जैनमधला माणूस आधी हसतो आणि मग विचारतो, "मतलब मकान का भी दिमाग होता है क्या?" मकानाला नसतं. मकानात राहणाऱ्याला असतं, आणि भिंतींचा, खिडक्यांचा, आवाजांचा, शेजाऱ्यांचा त्याच्यावर काय परिणाम होतो ते मोजायचं, हे माझं काम. पर्यावरणीय मानसशास्त्र म्हणतात त्याला. मी त्यात डॉक्टरेट केली आहे, आणि तशी पाटी दारावर लावली आहे. अलीकडे ती पाटी पाहिली की मला स्वतःची चीड येते.

बाबांच्या बँकेच्या नोकरीमुळे आम्ही इथं आलो. जुन्या शहरातल्या एका गल्लीत दोन खोल्या भाड्यानं घेतल्या आणि तिथंच राहिलो. दार थेट गल्लीत उघडायचं, आणि दारासमोर दगडी ओटा. दुपारी तीन वाजले की गल्लीतल्या बायका आपापल्या ओट्यावर येऊन बसत. कुणी मेथी निवडे, कुणी मटार सोले, कुणी नुसतीच बसे. सव्वातीनपर्यंत एखादी दिसली नाही की समोरची उठून तिच्या दाराची साखळी वाजवायची. "भाभी, आज नी आए? तबीयत ठीक है ना?" परवानगी वगैरे भानगड नाही. साखळीला उत्तर आलं नाही तर बाई सरळ आत.

मला याचा लहानपणापासून संताप यायचा. परीक्षेचा अभ्यास करत बसावं, तर कुणीतरी आत येऊन पुस्तकात डोकावून, "बेटा, आँखें खराब हो जाएँगी," म्हणून जायचं. या लोकांना खाजगी आयुष्य म्हणजे काय ते ठाऊकच नाही, असं मी आईला ठणकावून सांगायची. आई म्हणायची, "तुला काय परेशानी आहे गं? माणसंच तर आहेत." खरं सांगायचं तर माझ्या संशोधनाचा उगम या संतापात आहे. माणूस आधी चिडतो आणि मग त्या चिडीला सिद्धांत शोधतो.

सिद्धांत मिळालाही. दाटीवाटीचा मनावर ताण येतो. दुसऱ्यांना आपल्यापर्यंत किती येऊ द्यायचं हे आपल्या हातात नसलं की माणूस थकतो. खिडकीतून झाडं दिसली की थकलेलं मन ताजं होतं. हे सगळं पुस्तकांत आहे आणि खोटं नाही. डॉक्टरेटसाठी मी विषय घेतला: जुन्या वस्तीतून नव्या वसाहतीत गेलेल्या माणसांचं समाधान. पहिलं काम वर्तन-नकाशाचं होतं. गल्लीच्या तोंडाशी चहाच्या टपरीवर बसायचं, हातात गल्लीचा आराखडा घ्यायचा, आणि दर पंधरा मिनिटांनी जो माणूस जिथं असेल तिथं एक फुली मारायची. बोलायचं नाही, मधे पडायचं नाही. दुपारी तीनच्या कागदावर फुल्यांची नुसती रांगोळी उमटायची. त्यातली एक फुली माझी आई होती. खाली मी सुवाच्य अक्षरात लिहिलं, "अतिरिक्त संपर्क, एकांताचा अभाव."

मग बाबा गेले. मी तोवर नानाखेड्याच्या नव्या वसाहतीत तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला होता. आईला म्हटलं, एकटी कशी राहशील, चल माझ्याकडे. ती लगेच तयार झाली नाही. शेवटी असं ठरलं की सहा महिने राहून बघायचं, तोवर जुनं घर सोडायचं नाही. घरमालक भला माणूस. तो म्हणाला, "दीदी, छह महीने ताला रहने दो. फिर चाबी देनी हो तो दे देना. पर एक बार दे दी तो फिर मेरा लड़का रहेगा वहाँ." ती किल्ली आईनं माझ्या स्वयंपाकघरात खिळ्याला अडकवून ठेवली. तिचं परत जाणं किंवा न जाणं त्या खिळ्यावर टांगलेलं होतं, आणि निर्णय तिनं माझ्यावर सोडला होता. शिकलेली मी ना.

आईची खोली मी पुस्तकाबरहुकूम लावली. मोठी खिडकी, खाली बगीचा, दोन गुलमोहर. खिडकीशी खुर्ची ठेवली. संध्याकाळी कॉलेजातून यावं तर आईनं खुर्ची फिरवून दाराकडे केलेली असायची. मी ती पुन्हा खिडकीकडे करायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा दाराकडे. सहा महिने हा खेळ चालला. एखाद्या उंदरानं असं केलं असतं तर मी त्यावर शोधनिबंध लिहिला असता. आईनं केलं म्हणून मी त्याला हट्ट म्हटलं.

सहावा महिना संपत आला. माझ्या प्रश्नावल्या भरून घ्यायच्याच होत्या, म्हणून मी आईपासून सुरुवात केली. आधी मानसिक नकाशा. कोरा कागद द्यायचा आणि सांगायचं, तुम्ही राहता तो परिसर काढा. आईनं तासभर लावून गल्ली काढली. सतरा ओटे, कुठल्या ओट्याची पायरी तुटकी, कुणाच्या दाराची साखळी डावीकडे, पाण्याचा नळ, गाय जिथं उभी राहते ती जागा. मी म्हटलं, "आई, इथला काढायचाय. नानाखेड्याचा." तिनं कागद उलटला, एक चौकोन काढला आणि पेन्सिल परत दिली. तो कागद मी "सूचना पाळली नाही" असा शेरा मारून बाजूला ठेवला. नियमानं तो बादच होता.

मग प्रश्नावली. एक म्हणजे पूर्ण असहमत, पाच म्हणजे पूर्ण सहमत. मी वाचायची, आई ताठ बसून उत्तर द्यायची, तोंडी परीक्षेला बसल्यासारखी.

"या घरात मला एकांत मिळतो."

"पाच."

"शेजारी विचारल्याशिवाय घरात येत नाहीत."

"पाच. कधीच येत नाहीत."

"दुपारी इथं गोंगाट नसतो."

"पाच. सन्नाटा असतो."

"माझ्या कामात कुणी व्यत्यय आणत नाही."

"काम कुठलं आलंय? पण पाच लिही. जे आहे ते आहे."

तिचे सगळे पाच आले. माझ्या संपूर्ण अभ्यासात सगळ्यांत समाधानी व्यक्ती माझी आई निघाली. मी खूश झाले. मार्गदर्शक सर खूश झाले. महिन्याअखेर मी खिळ्यावरची किल्ली काढली आणि घरमालकाला देऊन आले. त्या दिवशी जेवायला मी मुद्दाम गोडाचा शिरा केला होता. आनंदाच्या दिवशी करतात तसा.

पुढच्या थंडीत, माझ्या नावामागे डॉक्टर लागल्यानंतर, आई न्हाणीघरात पडली. दुपारी तीनच्या सुमारास. मी कॉलेजातून साडेसहाला आले. साडेतीन तास ती थंड फरशीवर पडून होती. खालच्या मजल्यावरच्या बाईंना धप्प असा आवाज आला होता. त्यांनी मला नंतर सांगितलं, "हमने सोचा, ऐसे किसी के घर जाना अच्छा नहीं लगता." त्यांना काय बोलणार? त्या माझ्याच सिद्धांतानं वागल्या होत्या.

खुब्याचं हाड मोडलं होतं. फ्रीगंजच्या दवाखान्यात गल्लीतली समोरची काकू भेटायला आली. तीच, माझ्या पुस्तकात डोकावणारी. आईचा हात हातात घेऊन बराच वेळ बसली आणि उठताना माझ्याकडे न बघता म्हणाली, "वहाँ होतीं तो सवा तीन पे मैं साँकल बजा देती." आई त्या पलंगावरून चालत घरी आली नाही. होळीच्या आधी गेली.

त्यानंतर मी तिची प्रश्नावली काढून वाचली. आई खोटं बोलली नव्हती. मला बरं वाटावं म्हणूनही तिनं काही सांगितलं नव्हतं. कुणी येत नाही, कुणी विचारत नाही, आवाज नाही, काम नाही: एकेक करून तिनं सगळं खरं सांगितलं होतं, आणि मी त्याची बेरीज करून त्याला समाधान म्हटलं होतं. चूक गणिताची नव्हती. यातला प्रत्येक प्रश्न मी घरी पुस्तकात डोकं घालून रागावलेल्या पोरीसाठी लिहिला होता. उत्तरं मात्र तिच्या आईकडून घेतली.

दर वर्षी मी मुलांना प्रश्नावली कशी करायची ते शिकवते. उत्तर सुचवणारा प्रश्न घालू नये, हा नियम फळ्यावर लिहिते. तो लिहिताना एक गोष्ट आठवते, जी मी प्रबंधात लिहिलेली नाही. त्या दिवशी शेवटचे पाच लिहून मी पेनाचं टोपण लावलं, तेव्हा आईनं विचारलं होतं, "बस, संपले सवाल? वापस जायचंय का, असा सवाल नाहीये का यात?"

मी हसले होते. म्हटलं, "आई, असं सरळ विचारत नाहीत. त्यानं उत्तर बिघडतं."

"बरं," ती म्हणाली. "मला वाटलं, विचारशील."