साकवावरची झूम

अलोऱ्याच्या कॉलनीत नकाशे काढणाऱ्या रावजीला नदीतल्या पाणमांजरांचे फोटो काढायचे होते. कॅमेऱ्याच्या कंपनीची टेलिफोटो लेन्स आवाक्याबाहेरची, म्हणून मुंबईच्या दुकानात त्याने दुसऱ्याच कंपनीची, दूरचं जवळ आणणारी झूम लेन्स पसंत केली. त्यातही दूरचं जवळ आणायला जिचं कडं फिरवावं लागे ती महाग, जिची नळी पुढेमागे सरकवावी लागे ती स्वस्त; त्याने स्वस्तातली हातात घेतली. समोरच्या छपरावरचं कबूतर तिच्यातून झकास दिसलं, आणि रावजी भुलला.

नदीवरच्या लाकडी साकवावरून लेन्स खाली रोखली तेव्हा तिची खोड कळली. नळी आपल्याच वजनाने पुढे घसरली आणि जवळ आलेलं पाणमांजर लहान लहान होत दूर गेलं. दोन वर्षांपूर्वी इथूनच पडलेला त्याचा धाकटा भाऊ, जानू, अस्साच गेला होता.

“नळीला रबर गुंडाळ मेल्या, हलायची नाय,” शेजारच्या काशीरामने सांगितलं.

रावजीने रबर गुंडाळलं. एक रोल छान निघाला. तरी पुढच्या रविवारी साकवावर त्याने ते काढून टाकलं. नळी घसरली की तो डाव्या हाताने पकडायचा. पुन्हा सोडायचा, पुन्हा पकडायचा. जानू वाहत गेला तेव्हा हाच हात साकवाचा बांबू घट्ट धरून बसला होता.